वाडीची हद्द कागदावर कशी उतरवावी?

पत्र : आमची वाडी मूळ गावठाणापासून साडेतीन किलोमीटरवर, ओढ्यापलीकडे आहे. वाडीला स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा मिळावा असा ठराव ग्रामसभेने केला. तहसील कार्यालयाने मागितली म्हणून चतुःसीमाही (चारही दिशांच्या हद्दी) लिहून दिली : 'पूर्वेस मोठी बाभूळ व पाझर तलाव, पश्चिमेस ओढा, उत्तरेस आप्पांची विहीर, दक्षिणेस डांबरी रस्ता.' प्रस्ताव 'हद्दीचा बोध होत नाही' असा शेरा मारून परत आला. त्यातच शेजारच्या गावचे लोक म्हणतात, तलावाजवळचे गायरान त्यांच्या शिवेत आहे. या खुणा आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहेत. मग कागदावर त्या का चालत नाहीत, आणि आता नेमके काय लिहून द्यावे?
— एक ग्रामपंचायत सदस्य

उत्तर : शेरा मारणाऱ्याचे चुकलेले नाही. तुमची एकही खूण खोटी नसेल, पण चारही मिळून रेषा होत नाही. बाभळीपासून रस्त्यापर्यंत हद्द बांधाने जाते, पाणंदीने जाते की सरळ, याचा उल्लेख नाही. ओढा म्हणजे अलीकडचा काठ, पलीकडचा काठ की पात्राचा मध्य? डांबरी रस्ता वाडीत मोडतो की मूळ गावात? आप्पांची विहीर हद्दीच्या आत आहे की बाहेर? अधिसूचना तयार करणारा माणूस तुमच्या शिवारात कधी आलेला नसतो, आणि पंचवीस वर्षांनी तंटा उभा राहील तेव्हा बाभूळही नसेल.

आधी एक गोष्ट सुटी करून घ्या. तुमच्या वाडीभोवती दोन प्रकारच्या हद्दी आहेत. उत्तरेची आणि पूर्वेची हद्द म्हणजे मूळ गावाची जुनी शीव. ती भूमापनात पूर्वीच ठरलेली आहे, गाव नकाशावर काढलेली आहे. तुम्हाला ती ठरवायची नाही, फक्त नकाशावरून जशीच्या तशी उतरवायची आहे. नवीन रेषा फक्त वाडी आणि मूळ गाव यांच्यामधली, म्हणजे पश्चिम आणि दक्षिण बाजूची. सगळी मेहनत तिच्यावर करा. बरेच प्रस्ताव अडकतात ते यामुळेच, की जुनी शीवही लोक आठवणीने नव्याने लिहायला बसतात. ती नकाशाशी जुळत नाही आणि शेजारच्या गावाला हरकतीसाठी आयते कारण मिळते.

गाव कोणत्या क्षेत्राचे हे ठरवण्याचा, त्याची हद्द बदलण्याचा किंवा गाव विभागण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 4 प्रमाणे राज्य शासनाचा आहे. तो राजपत्रातल्या अधिसूचनेने वापरला जातो आणि त्याला पूर्वप्रसिद्धीची अट आहे, म्हणजे आधी प्रारूप, मग हरकती, मग अंतिम. ग्रामसभेचा ठराव ही मागणी झाली. त्याने हद्द ठरत नाही. तरी ठराव पक्का असू द्या. सभेला गणपूर्ती लागते ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांतली जी संख्या कमी असेल ती. हजेरीच्या सह्या मोजून पाहा. हरकतदार पहिला हात तिथेच घालतो.

आता कागद. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या तालुका कार्यालयातून मूळ गावाचा गाव नकाशा आणि आकारबंद (प्रत्येक नंबराचे क्षेत्र व आकारणी दाखवणारी नोंदवही) यांच्या प्रमाणित नकला काढा. एकत्रीकरण (विखुरलेल्या तुकड्यांचे गट पाडणे) झालेले गाव असेल तर जुने सर्व्हे नंबर आणि नवे गट नंबर यांचा मेळ दाखवणारा एकत्रीकरण योजनेचा उतारा घ्या. हा उतारा टाळू नका. म्हातारी माणसे जमीन जुन्या नंबराने सांगतात, सातबारा गटाने बोलतो, आणि दोन्ही आकडे एकाच प्रस्तावात मिसळले की 47 नंबरची जमीन एका पानावर तलावाशेजारी असते आणि दुसऱ्या पानावर गावठाणात. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा मोबाईलवर चाळायला उत्तम आहे, पण प्रस्तावाला प्रमाणित नक्कलच जोडा. नकलेवर पट्टी ठेवून अंतरे काढायची असतील तर आधी छापील प्रमाणपट्टी मोजा. झेरॉक्समध्ये कागद आखडतो किंवा ताणतो. शिवाय 1:5000 च्या नकाशावर अर्ध्या मिलीमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर जागा खाते, 1:10000 वर पाच मीटर. नकाशावरून काढलेले अंतर म्हणून 'अंदाजे' असेच लिहावे.

यानंतर शिवार फेरी. तलाठी (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी), ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील, कोतवाल, मूळ गावचे दोघे-तिघे जाणते आणि नव्या रेषेला लागून असलेले खातेदार एवढी माणसे सोबत हवीत. शेजारच्या गावालाही लेखी कळवा. ते आले नाहीत तरी कळवल्याची पोच कामी येते. चालायचे ते पिके निघाल्यावर, होळीच्या सुमारास. बांध मोकळे दिसतात, ओढ्याचे पात्र उघडे असते. पावसाळ्यात केलेल्या फेरीत गवताखालचे शिवेचे दगड सापडत नाहीत आणि मग 'दगड नाही' अशी चुकीची नोंद पंचनाम्यात जाते.

फेरीत रेषा शोधायची ती गटांच्या बांधावरून. नवी हद्द कोणत्याही गटाच्या पोटातून जाऊ देऊ नका, कितीही सरळ आणि सोयीची वाटली तरी. गट मधून तुटला की एका खातेदाराचा तुकडा दोन गावांत जातो, पोटहिस्सा मोजणी (तुटलेल्या भागांची वेगळी मोजणी) लागते, सातबारा फोडावा लागतो, आणि त्या एका माणसाच्या हरकतीवर सगळा प्रस्ताव थांबतो. हद्द चार वळणे घेत गेली तर जाऊ द्या.

खुणांची निवड हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर.

सर्वांत भरवशाची खूण म्हणजे भूमापनाचा दगड, विशेषतः तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथला. तो सापडला तर तिथूनच वर्णन सुरू करा. वन विभागाची जमीन लागून असेल तर त्यांचे बुरूज आणि कक्ष क्रमांकही तितकेच चांगले, कारण त्यांची स्वतंत्र नोंद असते. कालव्याची संपादित हद्द चालते. डोंगराची धार चालते, कारण पाणी दोन बाजूंना कुठे वाटले जाते ते जागेवर दाखवता येते. 'डोंगराचा पायथा' मात्र कधीही लिहू नका. पायथा नेमका कुठे सुरू होतो यावर दोन माणसांचे एकमत होत नाही.

ओढा लिहायचा तर पात्राची मध्यरेषा लिहा आणि पुढे 'गाव नकाशावर दर्शविल्याप्रमाणे' हे शब्द जोडा. हे तीन शब्द नसले तर पुरात पात्र सरकले की हद्दही सरकली, असे म्हणायला जागा राहते. काठ लिहिण्यात धोका जास्त, कारण काठ दरवर्षी ढासळतो. रस्त्याचे उलट आहे. रस्त्याची मध्यरेषा घेऊ नये. एका बाजूने रुंदीकरण झाले की मध्य बदलतो, आणि अतिक्रमण किंवा अपघाताचा पंचनामा कोणी करायचा यावर दोन्ही गावे एकमेकांकडे बोट दाखवतात. अख्खा रस्ता एका गावात टाका आणि हद्द त्याच्या एका कडेने न्या. रस्त्याला 'डांबरी रस्ता' न म्हणता त्याचा क्रमांक द्या : ग्रामीण मार्ग, इतर जिल्हा मार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग, जो असेल तो. उद्या दुसरा रस्ताही डांबरी होईल.

देवळे आणि शिवेवरची ठाणी (देवांच्या जागा) यांबद्दल लोक हळवे असतात. शिवेवरचा म्हसोबा किंवा मरीआई पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी असते, म्हणून खूण म्हणून ती खरोखर चांगली. अडचण जीर्णोद्धाराची. तांदळ्यावर (देव म्हणून पुजलेल्या बिनघडीव दगडावर) छोटी घुमटी होती तिथे सभामंडप उभा राहतो, दहा फुटांची वास्तू चाळीस फुटांची होते, आणि 'देवळापासून' म्हणजे कुठून हा प्रश्न येतो. म्हणून 'मूळ ठाण्याच्या मध्यापासून' असे लिहा आणि ठाणे ज्या गटात आहे तो गट क्रमांक द्या.

विहीर चालते, पण 'आप्पांची' म्हणून नव्हे. आप्पांची पुढे मुलांची होईल, मग विकली जाईल. 'गट क्रमांक 33 मधील, सातबाऱ्यावर नोंद असलेली दगडी बांधणीची विहीर' असे हवे, आणि ती हद्दीच्या कोणत्या बाजूला आहे तेही. वड-पिंपळ दुय्यम खूण म्हणून घ्या, बाभूळ-निंब घेऊ नका. विजेचे खांब, मोबाईलचे मनोरे, टपऱ्या, शाळेचा फलक, कुंपण यांतले काहीही नको. किलोमीटरचा दगडसुद्धा नको. रस्त्याचे काम निघाले की तो उपटून दुसरीकडे बसतो. पाझर तलावाची पाण्याची कड तर मुळीच नको, ती महिन्या-महिन्याला बदलते. तलाव घ्यायचाच असेल तर भरावाचे टोक किंवा सांडव्याची (जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेची) भिंत घ्या.

खुणांनी हद्द सांगण्याची रीत नवी नाही. जुन्या ताम्रपटांतही दान दिलेल्या गावाचे आघाट, म्हणजे सीमा, असेच चार दिशांनी सांगितलेले असतात. त्यांतली नदी आज ओळखता येते, झाड कोणते हे सांगता येत नाही.

जिथे हद्द वळते तो प्रत्येक बिंदू किमान तीन पक्क्या वस्तूंपासून मोजून ठेवा. तीन का, तर एकाच विहिरीपासून 18 मीटर म्हटले की तो बिंदू 18 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर कुठेही असू शकतो. दोन वस्तूंपासून अंतरे दिली की दोन शक्य जागा उरतात आणि तिसऱ्या अंतराने त्यांतली एक पक्की होते. या तीन वस्तू एकाच दिशेला नकोत, बिंदूभोवती पांगलेल्या हव्यात. 30 मीटरचा टेप आडवा, समतल धरून मोजा. उतारावर जमिनीला टेकवून मोजले तर दहा अंशांच्या चढाला प्रत्येक 30 मीटरमागे 46 सेंटिमीटर जास्त भरतात, आणि नकाशावरची अंतरे तर आडवी असतात.

प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांशही घ्या, पण त्यांच्यावर विसंबू नका. मोबाईलचे स्थान उघड्या माळावर चार-पाच मीटरने चुकते, झाडीत किंवा घळीत आणखी जास्त. दशांशाचे पाच आकडे पुरेत. पाचवा आकडा सुमारे एक मीटर दाखवतो, सहावा लिहून अचूकता वाढत नाही. आकडे उलटे पडले नाहीत ना, हे पाहायला सोपा ताळा आहे : महाराष्ट्रात अक्षांश 15 ते 22 च्या घरात असतो आणि रेखांश 72 ते 81 च्या. पहिल्या रकान्यात 74 दिसले तर रकाने बदलले आहेत. भूमी अभिलेख खात्याची रोव्हरने (उपग्रहांवरून नेमके स्थान टिपणाऱ्या यंत्राने) झालेली मोजणी सेंटिमीटरपर्यंत जाते, त्यामुळे जिथे वाद आहे तेवढ्या बिंदूंसाठी तिचाच आग्रह धरा. गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा नकाशा (स्वामित्व योजनेतला) मात्र इथे उपयोगी नाही. तो गावठाणातल्या मिळकतींचा असतो, शिवेचा नव्हे.

लिहिताना ईशान्य कोपऱ्यापासून सुरू करून प्रदक्षिणेच्या दिशेने जा. म्हणजे चालणाऱ्याच्या उजव्या हाताला सतत नवे गाव राहते आणि आत-बाहेरचा घोळ होत नाही. नमुना असा (गट क्रमांक आणि अंतरे तुमची घाला) :

'प्रस्तावित गावाची हद्द बिंदू 1 पासून, म्हणजे मूळ गाव, उत्तरेकडील गाव व पूर्वेकडील गाव यांच्या शिवा मिळतात तेथील भूमापन दगडापासून सुरू होते. तेथून दक्षिणेकडे जुन्या शिवेने, गट क्र. 36, 41 व 44 यांच्या पूर्व बांधांवरून, पाझर तलावाच्या सांडव्याच्या भिंतीच्या पूर्वेकडून अंदाजे 900 मीटर जाऊन ग्रामीण मार्गाच्या उत्तर कडेस मिळते (बिंदू 2). तेथून पश्चिमेकडे सदर मार्गाच्या उत्तर कडेने, गट क्र. 44, 52 व 53 यांच्या दक्षिण बांधांवरून, ओढ्यावरील फरशी पुलापर्यंत जाते (बिंदू 3). मार्ग मूळ गावात राहतो. तेथून उत्तरेकडे, प्रवाहाच्या उलट दिशेने, गाव नकाशावर दर्शविलेल्या ओढ्याच्या मध्यरेषेने मूळ गावाच्या उत्तर शिवेपर्यंत जाते (बिंदू 4). तेथून पूर्वेकडे जुन्या शिवेने, गट क्र. 31, 33 व 36 यांच्या उत्तर बांधांवरून बिंदू 1 येथे येऊन मिळते.'

शेवटचे 'येऊन मिळते' विसरू नका. वर्णन जिथून निघाले तिथेच परत आले नाही तर हद्द उघडी राहते. तपासण्याची पद्धत सोपी आहे : गावाबाहेरच्या एखाद्या शिक्षकाला कोरा गाव नकाशा आणि हे वर्णन द्या, आणि पेन्सिलीने रेषा काढायला सांगा. त्याला जिथे विचारावे लागेल तिथे वाक्य अपुरे आहे.

वर्णनासोबत गटवार यादी जोडा : गट क्रमांक, आकारबंदाप्रमाणे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, पोटखराब्यासह (गटातल्या लागवडीस अयोग्य भागासह). नव्या गावाचे क्षेत्र आणि मूळ गावाचे उरलेले क्षेत्र यांची बेरीज आकारबंदातल्या एकूण क्षेत्राशी तंतोतंत जुळली पाहिजे. बहुतेकांची ती जुळत नाही, आणि कारण एकच असते : नंबर नसलेले क्षेत्र. नदी-नाले, रस्ते, गावठाण यांचे क्षेत्र आकारबंदाच्या गोषवाऱ्यात वेगळे धरलेले असते आणि गटवार बेरजेत ते येत नाही. तुमच्या बाबतीत ओढ्याचे निम्मे पात्र इकडे आणि निम्मे तिकडे जाईल, तर रस्ता पूर्ण मूळ गावात. तशी विभागणी यादीखाली स्वतंत्र ओळीत दाखवा.

गायरानाचा वाद या प्रस्तावात आणू नका. गायरान सरकारी आहे. ते कोणत्या गावच्या शिवेत हे गाव नकाशा सांगतो. तिथे गुरे कोणाची चरतात यावरून शीव सरकत नाही. नकाशात ते तुमच्या मूळ गावात असेल तर तसे लिहून मोकळे व्हा. शेजारचे गाव तरीही अडून बसले तर गावांच्या शिवेचा वाद कलम 133 खाली स्वतंत्रपणे चालतो. तिथे दोन्ही गावच्यांना नोटीस निघते आणि रीतसर चौकशी होते. दोन्ही बाजू एका रेषेवर राजी झाल्या तर तसा करारनामा लिहून घेऊन त्याप्रमाणे खुणा लावल्या जातात. हा समजुतीचा मार्ग आधी पाहावा असे मला वाटते. त्यांची गुरे पूर्वीपासून तिथे येत असतील तर ती येऊ देण्याबद्दल ग्रामसभेचा वेगळा ठराव करा. बऱ्याचदा मूळ दुखणे चराईचे असते, शिवेचे नाव पुढे केलेले असते. आणि चुकूनही कोणाला दगड हलवू देऊ नका. हद्दीच्या खुणेला हात लावणे हा संहितेप्रमाणे दंडाचा विषय आहे, आणि हललेला दगड पुराव्यातून बाद होतो.

तुमचा भाग अनुसूचित क्षेत्रात असेल तर पाड्याला किंवा वस्तीला पेसा कायदा, 1996 आणि त्याखालच्या महाराष्ट्राच्या 2014 च्या नियमांनुसार स्वतंत्र ग्रामसभेचे गाव म्हणून घोषित करून घेण्याची वेगळी वाट आहे. तिथे पारंपरिक हद्दीला मान आहे. वन हक्क कायदा, 2006 खालच्या सामूहिक दाव्यातही वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. पण पेसाच्या घोषणेतून महसुली गाव तयार होत नाही, सातबाऱ्याचे गाव बदलत नाही. त्याचप्रमाणे महसुली गाव झाले म्हणजे स्वतंत्र ग्रामपंचायत मिळाली असेही नाही; ती मागणी ग्रामपंचायत अधिनियमाखाली निराळी करावी लागते. वाडीत हे आताच स्पष्ट सांगा, नाहीतर अधिसूचनेनंतर सरपंचपदाच्या अपेक्षेने भांडणे लागतात.

वेळेबद्दल : 2027 च्या जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी 31 डिसेंबर 2025 अखेर गोठवल्या आहेत. गणना उरकेपर्यंत नवे गाव जाहीर होण्याची आशा धरू नका. शिवार फेरी, पंचनामा, बिंदूंची मोजमापे, गटवार यादी या कामांना मात्र कसलीही आडकाठी नाही, आणि नीट करायची तर त्यांनाच एक उन्हाळा लागतो.

नाव अजून ठरले नसेल तर तेही याच ठरावात घ्या. त्याच तालुक्यात त्याच नावाचे दुसरे गाव नाही ना ते पाहा, आणि मराठी व इंग्रजी दोन्ही लेखन ठरावात नोंदवा. पुढे गावाला सरकारी निर्देशिकेत संकेतांक मिळतो तेव्हा नाव तिथूनच इतरत्र जाते. 'वाडी' जोडून की तोडून, एवढ्या फरकानेही पीक विम्याचे आणि दाखल्यांचे अर्ज परत येतात.